दीर्घ सुटीतील खेळ व व्यायाम

(इयत्ता चौथी ते सातवीच्या शिक्षकांसाठी पाठ-टिपण)

प्रास्ताविक

शाळा मुलांना अक्षर शिकविते, अंक शिकविते, हे सर्वांच्या ध्यानात असते. परंतु शाळा मुलांना दररोज चालविते, पळविते, वाकविते आणि उड्या मारावयास लावते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. बारामती तालुक्यातील पणदरे या गावाचेच उदाहरण घ्यावे. नीरा-बारामती रस्त्यावरील हे बागायती गाव. घरे गावठाणात आहेत, तशीच ती शिवारात, उसाच्या मळ्यांमधून विखुरलेल्या वस्त्यांवरही आहेत. वस्तीवरून दीड किलोमीटर चालत शाळेत येणारा मुलगा जाऊन-येऊन तीन किलोमीटर चालतो. परिपाठापूर्वीची पळापळ, मधल्या सुटीतील शिवाशिवी आणि खेळाचा तास यांची त्यात भर घातली, म्हणजे त्याच्या शरीराला दिवसभरात पुरेशी हालचाल मिळते. ही हालचाल कोणी मुद्दाम शिकविलेली नसते. ती शाळेच्या दिनक्रमातच गुंफलेली असते.

सत्राच्या अखेरच्या दिवशी घंटा वाजते आणि हा दिनक्रम एका दिवसात थांबतो. चालत जावे असे ठिकाण उरत नाही. सवंगडी आपापल्या वस्तीवर अडकतात. बाहेर ऊन रणरणत असते. घरात मोबाइल व दूरचित्रवाणी हाताशी असतात. ज्या मुलाने एप्रिलात मैदानाला दमदार फेऱ्या मारल्या, तेच मूल जूनमध्ये दोन फेऱ्यांतच धापा टाकू लागते. असा अनुभव पुष्कळ शिक्षकांना आला असेल. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बालवर्ग व पहिलीच्या मुलांची उंची आणि वजन तपासले होते. उंचीच्या मानाने वजनात होणारी वाढ शाळा चालू असतानापेक्षा उन्हाळी सुटीत अधिक वेगाने होते, असे त्यात आढळून आले. त्या देशातील घरे, आहार व राहणी निराळी असली, तरी कारण समजण्याजोगे आहे. वेळेवर जेवण, वेळेवर खेळ आणि वेळेवर झोप या तिन्ही गोष्टींना शाळेचा जो आधार असतो, तो सुटीत सुटतो.

सुटी ही पाठ्यपुस्तकाला असते, वाढत्या शरीराला सुटी नसते, एवढी एकच गोष्ट मुलांच्या व पालकांच्या मनावर ठसविणे हा या पाठाचा हेतू आहे. त्यासाठी साहित्य लागत नाही, पैसा लागत नाही. ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि चार सवंगडी एवढेच लागते. परंतु या तीन गोष्टी सुटी लागण्यापूर्वी ठरवाव्या लागतात. सुटी लागल्यावर त्या आपोआप जुळून येत नाहीत.

शरीराची गरज

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींना, आठवड्याच्या सरासरीने, दररोज किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल मिळावयास हवी. तसेच आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट होतील असे श्रमाचे खेळ व्हावयास हवेत. ‘मध्यम’ आणि ‘जोरकस’ यांतील भेद मुलांना सोप्या खुणेने समजावून देता येतो. खेळताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, अशी स्थिती असेल तर ती हालचाल मध्यम होय. दोन-चार शब्दांपलीकडे बोलताच येत नाही, इतका दम लागत असेल तर ती जोरकस होय.

या साठ मिनिटांचा शरीराला काय उपयोग होतो, हेही मुलांना सांगावे. हृदय हा एक स्नायूच आहे. त्याला काम दिले, तर ते प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते. हाडांवर उडीचा, धावण्याचा, वजन पेलण्याचा ताण पडला, म्हणजे ती अधिक भरीव होतात. बालपणी व कुमारवयात हाडांत साठलेले बळ उतारवयात कामास येते. खेळून दमलेल्या मुलास झोप गाढ लागते, भूक वेळेवर लागते आणि त्याचे मन प्रसन्न राहते. मोबाइलपुढे बसलेल्या मुलाचे डोळे थकतात, पण अंग थकत नाही. म्हणून त्याला रात्री झोप येत नाही व सकाळी उठवत नाही.

साठ मिनिटे सलगच असली पाहिजेत असे नाही. सकाळी अर्धा तास व सायंकाळी अर्धा तास अशी विभागणी केली तरी चालते. उन्हाळ्यात तर ती अधिक सोयीची ठरते.

दोन सुट्या, दोन ऋतू

दिवाळीची सुटी आणि उन्हाळ्याची सुटी यांना एकच नियम लावणे योग्य होणार नाही.

दिवाळीत हवा थंड व उत्साहवर्धक असते. या दिवसांत मुले मातीचे किल्ले उभारतात. माती खणणे, चाळणे, पाट्यांनी वाहून आणणे, दगड रचणे, पाणी शिंपडणे या कामांत मुलांना दिवस कसा गेला हे कळत नाही. हात, खांदे, पाठ आणि पाय या सर्वांना त्यात काम मिळते. शिक्षकांनी सुटीपूर्वी एखाद्या डोंगरी किल्ल्याचा आकार फळ्यावर काढून दाखविला व सुटीनंतर वस्तीवस्तीचे किल्ले पाहावयास जाण्याचे ठरविले, तर इतिहास, भूगोल आणि व्यायाम हे तिन्ही विषय एकाच मातीतून उभे राहतील. तयार किल्ला विकत आणण्यात यांपैकी काहीच साधत नाही.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी आहे. बारामती-इंदापूरचा प्रदेश हा पर्जन्यछायेचा. कालव्याच्या पाण्याने शेते हिरवी दिसली, तरी मे महिन्याचे ऊन कडकच असते. सकाळी सूर्योदयापासून आठ-साडेआठ वाजेपर्यंत आणि सायंकाळी साडेपाचनंतर दिवेलागणीपर्यंत, हाच मैदानी खेळांचा काळ समजावा. मधल्या वेळी चिंचेच्या किंवा कडुनिंबाच्या सावलीत सागरगोटे, भोवरा, लंगडी असे जागच्या जागी खेळता येणारे खेळ खेळावेत. अंधार पडण्यापूर्वी मुलांनी घरी परतावे. उसाच्या बांधाने अंधारात पळणे साप-विंचवांच्या दृष्टीने धोक्याचे असते.

नमुना पाठ

समजा, एप्रिल महिन्याचा अखेरचा आठवडा आहे. इयत्ता पाचवीचा वर्ग आहे. परीक्षा संपलेली आहे. शिक्षकांनी पाठाचा आरंभ पुढीलप्रमाणे करावा.

गुरुजी : वस्तीवरून चालत येणाऱ्यांनी हात वर करा. बरे, तुझ्या घरापासून शाळेपर्यंत किती वेळ लागतो?

मुलगा : वीस मिनिटे लागतात, गुरुजी. पळत आलो तर बारा.

गुरुजी : म्हणजे जाऊन-येऊन चाळीस मिनिटे. मधल्या सुटीत किती वेळ खेळता?

मुले : डबा खाऊन झाल्यावर वीस मिनिटे!

गुरुजी : चाळीस आणि वीस किती झाले?

मुले : साठ.

गुरुजी : डॉक्टर सांगतात ती साठ मिनिटे शाळेत येता-जाताच पुरी होतात. आता मला सांगा, परवापासून सुटी. मग ही साठ मिनिटे कोठून आणणार?

या प्रश्नापाशी शिक्षकांनी थोडे थांबावे. मुलांना विचार करू द्यावा. उत्तरे नाना प्रकारची येतील. कोणी म्हणेल, “मी मामाच्या गावाला जाणार.” कोणी म्हणेल, “आम्ही क्रिकेट खेळू.” कोणी प्रांजळपणे सांगेल, “मी मोबाइलवर खेळतो.” ही उत्तरे फळ्यावर लिहावीत. कोणासही हसू नये. आणि मागच्या बाकावरील एखादी मुलगी हळूच म्हणण्याचा संभव आहे, “गुरुजी, आम्हाला सुटीत वेळ कुठला? पाणी भरायचे, भांडी घासायची, धाकट्या भावाला सांभाळायचे. आई कामावर जाते.”

हे उत्तर या पाठातील सर्वांत मोलाचे उत्तर होय. शिक्षकांनी ते ओलांडून पुढे जाऊ नये. शाळा बंद झाली, म्हणजे मुलग्यास सुटी मिळते आणि पुष्कळदा मुलीस काम मिळते. काम करणे वाईट नाही. घरातील कामात हातभार लावणे हे प्रत्येक मुलाचे, मग तो मुलगा असो वा मुलगी, कर्तव्यच आहे. परंतु काम म्हणजे खेळ नव्हे. कडेवर मूल घेऊन एकीकडे झुकलेली कंबर आणि मोकळेपणी धावणारे शरीर यांत मोठे अंतर आहे. कामाने एकाच बाजूचे, एकाच प्रकारचे स्नायू थकतात. खेळाने सारे अंग सैल होते व मन हलके होते. म्हणून शिक्षकांनी त्या वर्गातच प्रश्न मांडावा : “हिला दररोज एक तास मोकळा मिळावा म्हणून तिच्या घरी कोण काय करील?” भाऊ पाणी भरू शकेल काय? धाकट्या भावंडास खेळाच्या जागी आणून सावलीत बसविता येईल काय? मुलेच याची उत्तरे शोधतील. मुलांनी शोधलेले उत्तर घरी अधिक लवकर पोहोचते.

पाठाच्या शेवटी वस्तीनिहाय गट पाडावेत. एका वस्तीवरील किंवा एका आळीतील सर्व इयत्तांची मुले-मुली एका गटात असावीत. प्रत्येक गटाने तीन गोष्टी वहीत लिहाव्यात : खेळाची जागा, सकाळची व सायंकाळची वेळ, आणि सर्वांना हाक मारून गोळा करणाऱ्या दोघांची नावे. या दोघांत एक मुलगी असावी.

बिनखर्चाचे खेळ

खेळ शिकविण्यासाठी सुटीपूर्वीचे दोन-तीन खेळाचे तास राखून ठेवावेत. मुले जे खेळ जाणतात त्यांचे नियम पक्के करावेत. नियमांवरून भांडण झाले की खेळ मोडतो, आणि सुटीत भांडण सोडविण्यास शिक्षक जवळ नसतात.

खो-खो हा सर्वांत सोयीचा खेळ होय. दोन खांब रोवले व मध्ये रेघ ओढली की मैदान सिद्ध होते. पूर्ण संघात नऊ खेळाडू मैदानात असतात. त्यांपैकी आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात व एक पाठलाग करतो. वस्तीवर इतकी मुले नसतील, तर चार जणांनी बसावे व एकाने पाठलाग करावा. या खेळात धावणे, वळणे, झेप घेणे आणि क्षणात निर्णय करणे हे सारे येते. पुणे जिल्ह्यातील मुलांना या खेळाचा अभिमान वाटावा असेच त्याचे स्थान आहे. त्याचे नियम प्रथम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात बांधले गेले. पुढे शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली. तीत भारताचा पुरुषांचा व महिलांचा असे दोन्ही संघ विजयी झाले. प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच. हे सांगितले असता, अंगणात रेघ ओढणाऱ्या मुलीलाही आपल्या रेघेची किंमत कळेल.

आट्यापाट्या हा खेळ मऊ मातीत उत्तम होतो. आडव्या पाट्या आखाव्यात व मधोमध उभी सूरपाटी आखावी. पाटी अडविणाऱ्याला हुलकावणी देऊन पलीकडे जावयाचे, आणि तसेच परत यावयाचे. पूर्ण खेळाला नऊ पाट्या लागतात. लहान गटाने चार पाट्यांवर खेळावे. हुलकावणी देताना पायांची चपळाई व शरीराचा तोल यांचा कस लागतो.

सूरपारंब्या हा तर वडाच्या झाडाचा खेळ. जमिनीवर एक वर्तुळ आखावे. एका खेळाडूने एक पाय उचलून त्याखालून काठी दूर फेकावी. ज्यावर राज्य आले आहे त्याने ती आणून वर्तुळात ठेवावी, तोवर इतरांनी पारंब्यांना धरून झाडावर चढावे. मग राज्य असणाऱ्याने वर चढून कोणास तरी शिवावे, आणि इतरांनी उड्या टाकून काठी गाठावी. हाता-खांद्यांचे बळ वाढविणारा याच्यासारखा खेळ विरळा. मात्र फांदीची उंची मोठ्यांनी आधी पाहून घ्यावी, व उडी टाकण्याच्या जागचे दगड वेचून काढावेत.

याशिवाय लगोरी, विटीदांडू, हुतूतू, लंगडी, दोरीवरच्या उड्या हे खेळ आहेतच. विटीदांडू खेळताना पाहणाऱ्यांनी समोर उभे राहू नये. उडालेली विटी डोळ्यास लागण्याचे भय असते. झिम्मा आणि फुगडी हे मुलींचे खेळ म्हणून बाजूस सारू नयेत. चांगली फुगडी पाच मिनिटे घातली, तर दम किती लागतो हे मुलग्यांनी एकदा अनुभवून पाहावे.

सवंगडी जमलेच नाहीत, तर एकट्याने करण्याजोगा व्यायाम म्हणजे सूर्यनमस्कार. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून याचा नेटाने प्रसार केला. सतरंजीएवढ्या जागेत पाठ, पोट, हात व पाय यांना एकाच क्रमात व्यायाम मिळतो, हे याचे वैशिष्ट्य. ज्या घरी नमस्कार करण्याची प्रथा नसेल, त्या घरच्या मुलाने जोर-बैठका काढाव्यात. लाभ शरीराला व्हावयाचा आहे. आरंभी थोडे करून दर आठवड्यास थोडे वाढवावेत, एकदम संख्या गाठण्याचा हट्ट नसावा.

दोन धोके : ऊन आणि पाणी

ऊन व पाणी यांविषयी या पाठात स्पष्ट व ठाम शब्दांत सांगितले पाहिजे. येथे संकोच केल्यास जिवावर बेतते.

उन्हात खेळताना डोके जड होणे, मळमळणे, पायांत गोळे येणे या आरंभीच्या खुणा होत. अशा वेळी खेळ तत्काळ थांबवावा, सावलीत बसावे व घोट-घोट पाणी प्यावे. घरचे ताक, पन्हे, लिंबाचे सरबत चांगले. जुलाब होत असतील, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून केलेले पाणी द्यावे. येथे चमचा म्हणजे चहाचा चमचा समजावा. परंतु अंग तव्यासारखे तापले आहे, मूल बरळू लागले आहे किंवा शुद्ध हरपत आहे, असे दिसल्यास तो उष्माघात समजावा. मुलाला सावलीत आणून त्याचे कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

दुसरा धोका पाण्याचा. भाटघर धरणाच्या पाण्यावर निघालेल्या नीरा डाव्या कालव्याने या भागाचे दैन्य घालविले, यात शंका नाही. परंतु उन्हाळी आवर्तन सुटले, म्हणजे तेच भरून वाहणारे पाणी तापलेल्या मुलांना बोलावू लागते. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याला आत ओढ असते. जेथे अस्तर केलेले आहे, तेथे काठ निसरडा व उताराचा असल्याने आत गेलेल्यास हाताला आधार मिळत नाही. शेततळे तर त्याहून घातक. त्यातील प्लॅस्टिकचा कागद ओला झाला, की पोहणाऱ्या प्रौढ माणसासही वर चढता येत नाही. कालव्यात, शेततळ्यात आणि मोठ्यांवाचून विहिरीत मुलांनी उतरावयाचे नाही. हा नियम वर्गात मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावा.

याचा अर्थ पोहणे वर्ज्य करावे असा नव्हे. पोहण्यासारखा सर्वांगाचा व्यायाम नाही, आणि पाण्याच्या प्रदेशात राहणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीस पोहता आलेच पाहिजे. पूर्वी पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधून वडील माणसे मुलांना विहिरीत पोहावयास शिकवीत. त्या पद्धतीतील मुख्य गोष्ट भोपळा नसून विहिरीच्या पायरीवर उभे असलेले जाणते माणूस ही होती. आजही तेच खरे. पोहता येणारे मोठे माणूस जवळ असेल, पायऱ्या असतील व दोर हाताशी असेल, तरच पाण्यात उतरावे.

कोणी बुडताना दिसल्यास मुलांनी मागोमाग उडी टाकू नये. एकास वाचविण्यास गेलेला दुसराही बुडतो, असे वारंवार घडते. मोठ्याने ओरडून माणसे गोळा करावीत. दोर, साडी, ठिबकची नळी, लांब बांबू, किंवा दोरीला बांधलेला झाकणबंद रिकामा कॅन काठावरून त्याच्याकडे टाकावा. टाकणाऱ्याने स्वतः जमिनीवर पालथे पडावे, म्हणजे तो ओढला जात नाही. बाहेर काढलेल्या मुलास उलटे टांगणे किंवा त्याचे पोट दाबणे यांत मोलाचा वेळ जातो. श्वास बंद असल्यास जाणत्या माणसाने तत्काळ तोंडावाटे श्वास देणे व छातीवर दाब देणे सुरू करावे, आणि इतरांनी १०८ ला कळवावे. गावात आरोग्य कर्मचारी असतील, तर त्यांच्याकडून याचे प्रात्यक्षिक सुटीपूर्वी करवून घ्यावे.

कोपीवरील मुले

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात व ऊसतोडीसाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून कुटुंबे येतात. गावाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. या कुटुंबांतील मुलांना सुटी ही गोष्टच ठाऊक नसते. आई-बाप पहाटे कोयता घेऊन फडात जातात. मूल मागे राहून धाकट्यांना सांभाळते, किंवा फडात जाऊन वाढे गोळा करते. या मुलाची हालचाल कमी नसते, उलट ती त्याच्या वयास न शोभणारी व जास्तच असते. त्याला उणीव आहे ती खेळाची आणि सवंगड्यांची.

म्हणून दिवाळीच्या सुटीतील गट पाडताना जवळच्या कोपीवरील मुलांनाही हाक मारावी, असे गावच्या मुलांना सांगावे. खो-खोच्या रांगेत बसताना कोणत्या जिल्ह्याचा हे कोणी विचारीत नाही. सायंकाळच्या त्या एका तासात ओळख झाली, तर सुटीनंतर तेच मूल गावच्या शाळेच्या दारात येऊन उभे राहण्याचा संभव वाढतो. खेळाने शाळेकडे आणणारी वाट अभ्यासाने आणणाऱ्या वाटेपेक्षा पुष्कळदा जवळची असते.

पालकसभा आणि घरची वडील माणसे

सुटीपूर्वी पालकसभा घ्यावी व तीत आयांना अगत्याने बोलवावे. सभेत व्याख्यान नको. मुलांनी वहीत लिहिलेली जागा, वेळ व नावे वाचून दाखवावीत आणि पालकांकडून दोनच गोष्टींची हमी घ्यावी. ठरलेल्या तासाला मुलाला, व विशेषतः मुलीला, घरकामातून मोकळे करावे, आणि प्रत्येक गटावर आळीपाळीने एका मोठ्या माणसाने दुरून लक्ष ठेवावे.

लक्ष ठेवण्याचे हे काम घरच्या आजी-आजोबांकडे सोपविणे सर्वांच्याच हिताचे ठरेल. वृद्धांसही चालणे-फिरणे तितकेच आवश्यक आहे. बसून राहिल्याने गुडघे आखडतात, तोल जातो आणि पडण्याची भीती वाढते. देहूहून निघणारी संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामती व इंदापूर तालुक्यांतून जाते. बेलवाडीचे व इंदापूरचे रिंगण पाहावयास लोक लोटतात. देहू ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर. साठी-सत्तरी उलटलेली माणसे ते पायी तोडतात, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. हे बळ आषाढात एकाएकी येत नाही. ज्या आजीला वारीला जावयाचे आहे, तिने मे महिन्यात सायंकाळी नातवंडांबरोबर खेळाच्या जागेपर्यंत चालत जावे व परत यावे. नातवाला सोबत होईल, आजीच्या पायांना सराव होईल. आणि फुगडीचा योग्य ताल कसा धरावा, हे नातीला तिच्याइतके चांगले शिक्षकही शिकवू शकणार नाहीत.

सुटीनंतरची पडताळणी

शाळा पुन्हा भरल्यावर या पाठाचा पाठपुरावा झालाच पाहिजे, एरवी मुले तो उपदेश समजून विसरून जातील. सुटीपूर्वी प्रत्येक मुलाने न थांबता सहा मिनिटांत मैदानाला किती फेऱ्या घातल्या ते वहीत लिहून ठेवावे. धावता न आल्यास चालावे. जूनमध्ये, सकाळच्या थंड वेळी, तीच चाचणी पुन्हा घ्यावी. तुलना मुलाची त्याच्या स्वतःशीच करावी, दुसऱ्याशी करू नये. गुण देऊ नयेत. अधू किंवा आजारी मुलास त्याच्या शक्तीप्रमाणे वेगळी चाचणी द्यावी : चेंडू किती वेळा झेलला, किती पावले आधाराविना टाकली, अशी. कोणत्या गटाचा खेळ सुटीभर चालला व कोणाचा मध्येच मोडला, याचीही चौकशी करावी. मोडलेल्या गटास दोष न देता कारण शोधावे. पुष्कळदा असे आढळेल की, मोठे माणूस आले नाही, मुलींना सोडले नाही, किंवा जागेवरून वाद झाला. पुढील सुटीपूर्वी त्याच कारणाचा बंदोबस्त करावा.

स्वाध्याय

१. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतचे अंतर पावलांनी मोजा. दररोज एकूण किती पावले चालता ते काढा.

२. आजी किंवा आजोबांना त्यांच्या लहानपणचा एक खेळ विचारा. त्याचे नियम लिहून आणा व वर्गाला शिकवा.

३. तुमच्या वस्तीजवळील पाण्याच्या धोक्याच्या जागा नकाशात दाखवा. तेथे दोर किंवा बांबू ठेवलेला आहे काय?

४. घरातील कोणती कामे केवळ मुलींनाच सांगितली जातात? त्यांपैकी कोणती मुलगे करू शकतील?

५. काम करणे व खेळणे यांत शरीराच्या दृष्टीने काय फरक आहे, ते पाच वाक्यांत लिहा.

अखेरच्या दिवशी सुटीची घंटा वाजेल, मुले ओरडत फाटकाबाहेर पळतील. त्या वेळी प्रत्येक मुलास आज सायंकाळी साडेपाच वाजता आपण कोठे व कोणाबरोबर खेळणार आहोत हे ठाऊक असेल, आणि मागच्या बाकावरील त्या मुलीसही ते ठाऊक असेल, तर हा पाठ उत्तम झाला असे समजावे.